चुंबक चिकटलं म्हणजे नकली? छे!
जुन्या ड्रॉवरच्या मुठी, कड्या जमवणाऱ्यांत एक समज कायम फिरतो, चुंबक चिकटलं की माल नकली आणि नाही चिकटलं की अस्सल व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. अहो, चुंबक फक्त लोखंड ओळखतं, वय नाही! त्या काळी इंग्लंड-अमेरिकेत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या मुठीही बनवायचे, आणि मुरादाबादहून काल आलेली पितळी मूठही चुंबकाला दाद देत नाही, मग काय तिला राणीच्या काळातली म्हणायची? त्यापेक्षा पालथी करून बघा. पत्त्यातल्या चौकटसारखा शिक्का असेल तर ते डिझाइन ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ दरम्यान नोंदवलेलं, पण तारीख नोंदणीची हं, मूठ नंतरचीही असू शकते. आणि फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकात आलेला प्रकार, म्हणजे निदान स्क्रू तरी बदललाय.