ब्रह्मचारी (मराठी चित्रपट, १९३८)

कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने काढलेला विनोदी बोलपट. कथा, संवाद आणि गीते प्र. के. अत्रे यांची, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे, छायाचित्रण पांडुरंग नाईक यांचे आणि संगीत दादा चांदेकर यांचे. नायकाची भूमिका विनायकांनी स्वतःच केली. नायिका मीनाक्षी (पुढे मीनाक्षी शिरोडकर या नावाने परिचित), शिवाय दामुअण्णा मालवणकर, विष्णुपंत जोग, जावडेकर, साळवी ही मंडळी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत निघाला. आज त्याचे नाव निघाले की बहुतेकांना पोहण्याच्या पोशाखातली मीनाक्षी आणि ‘यमुना जळी खेळू खेळ’ हे गाणे एवढेच आठवते. बाकी चित्रपट मागे पडला, आणि मराठी पडद्यावरच्या विनोदाचा विचार करताना ही मोठीच हानी आहे.

कथानक सांगायला चार वाक्ये पुरतात. औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण. सिनेमाचा शौकीन, नटनट्यांची चित्रे जमवण्याचा त्याला नाद. देशभक्त जटाशंकर यांचे ब्रह्मचर्य आणि राष्ट्रकार्य या विषयावरचे व्याख्यान त्याच्या कानी पडते आणि गडी पुरता भारावून जातो. जमवलेली चित्रे तो टाकून देतो, ब्रह्मचर्याचे व्रत घेतो आणि आचार्य चंडीराम यांच्या स्वावलंबनाची शिकवण देणाऱ्या संस्थेत दाखल होतो. मग किशोरी येते आणि व्रताची कसोटी सुरू होते.

पात्रांची नावे मुद्दाम थांबून पाहावीत अशी आहेत. जटाशंकर आणि चंडीराम या नावांतच दाढीजटा आणि करडा आवाज आहे. औदुंबर हा दत्ताचा वृक्ष, पावित्र्याची खूण. पण मराठी वाचकाला या नावाबरोबर बालकवींची कविताही आठवते, तिच्यातला जळात पाय टाकून बसलेला औदुंबर आठवतो. ध्यानस्थ, गंभीर, आणि पाय मात्र पाण्यात! चित्रपटातला औदुंबरही असाच व्रतस्थ होऊन बसतो, आणि त्याच्यापुढे पाणी येते ते किशोरीसकट. ‘केशवकुमार’ या नावाने मराठी कवितेची विडंबने लिहिलेल्या लेखकाच्या हातून आलेले हे नाव आहे.

चित्रपटाचा काळ लक्षात घेतल्याशिवाय त्यातली धार कळत नाही. १९३० च्या दशकात महाराष्ट्रात ब्रह्मचर्य हा रोजच्या बोलण्यातला विषय होता. तालमी आणि व्यायामशाळा जोरात होत्या, वीर्यनाशाची भीती घालणारी पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती होती, गांधीजी ब्रह्मचर्याला सत्याग्रहाच्या साधनेचा भाग मानत होते. १९२५ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या प्रचारकांनी अविवाहित राहण्याची रीत होती. दुसऱ्या टोकाला र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून संततिनियमनाचा आणि कामजीवनाच्या मोकळ्या चर्चेचा पुरस्कार करत होते आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसत होते. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. म्हणजे कोर्टात जो विषय चालला होता, तोच चार वर्षांनी विनोदाचे कपडे घालून पडद्यावर आला.

आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन यांच्या भारतीय चित्रपटकोशात या चित्रपटाची नोंद संघाच्या ब्रह्मचर्यकल्पनेवरील उपहास अशी केलेली आहे. तो रोख आहेच. पण चित्रपट तेवढ्यापुरता मानला तर त्यातली मोठी गंमत निसटते. अत्र्यांच्या विनोदाचा खरा विषय आहे व्याख्यान ऐकून एका संध्याकाळीत आयुष्य बदलायला निघालेला माणूस. औदुंबर आधी सिनेमाचा प्रेक्षक असतो, मग सभेचा श्रोता होतो. भिंतीवरची चित्रे उतरतात, भक्ती तीच राहते. नट्यांच्या जागी आचार्य येतात इतकेच. आणि हे सारे पाहणारे लोक सिनेमाच्याच थिएटरात बसलेले, त्यांच्यातल्या कित्येकांनी अशीच चित्रे जमवलेली आणि अशीच व्याख्यानेही ऐकलेली. ते औदुंबरला हसतात तेव्हा स्वतःलाही हसत असतात. विनायकांनी ही भूमिका दुसऱ्या कोणाला न देता स्वतः केली, हे या दृष्टीने फार नेमके झाले.

ही अत्र्यांची जुनी पद्धत होती. ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) या त्यांच्या पहिल्या नाटकातही एकेका पात्राला एकेक छंद जडलेला आहे. त्यातल्या रावबहादुरांना नमस्कारांचे वेड, आणि त्या व्यायामावरच घर चालवायचा त्यांचा हट्ट. मुळात चांगली असलेली गोष्ट हट्टापायी कशी हास्यास्पद होते हे अत्र्यांना अचूक दिसे. ‘ब्रह्मचारी’च्या पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ब्रँडीची बाटली’त त्यांनी दारूबंदीच्या वातावरणाला हात घातला, तो मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ असताना आणि दारूबंदीची अंमलबजावणी चालू असताना. अशा विनोदाला ताजेपणाचा फायदा मिळतो. त्याची किंमत पुढे चुकवावी लागते, ती कशी ते खाली येईल.

आता ते गाणे. ‘यमुना जळी खेळू खेळ कन्हैया, का लाजता’. शब्द ऐकल्यावर वाटावे की एखादी पारंपरिक गौळण आहे. यमुना आहे, कन्हैया आहे, जलक्रीडा आहे. पण गौळणीत खोड्या काढतो कृष्ण आणि लाजतात गोपी. इथे पाण्यात बोलावते ती बाई, आणि लाजून आखडतो तो कन्हैया. शिवाय ‘का लाजता’ यातले आदरार्थी क्रियापद पाहावे. गौळणीतली गोपी कृष्णाशी एकेरीत भांडते. किशोरी व्रतस्थ माणसाला अहोजाहो करून पाण्यात ओढते. त्या एका ‘ता’मध्ये सारा खट्याळपणा भरलेला आहे. भक्तिपरंपरेतले ओळखीचे चित्र उलटे टांगायचे आणि तरीही एकही शब्द असभ्य येऊ द्यायचा नाही, हे कसब फार थोड्यांना साधते. लोकांचे डोळे पोशाखावर खिळले, त्यामुळे या शब्दांकडे कानाडोळा झाला.

पोशाखाचा धक्का किती मोठा असेल, हे समजायला थोडे मागे जावे लागते. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळाली नाही, ती भूमिका साळुंके या पुरुषाने केली. ‘ब्रह्मचारी’ त्यानंतर अवघ्या २५ वर्षांनी आला. संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका पाहत वाढलेली पिढी प्रेक्षागृहात होती. प्रतिष्ठित घरातल्या दुर्गा खोटे ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) आल्या, त्याला सहाच वर्षे झाली होती. अशा प्रेक्षकांसमोर एक मराठी, मध्यमवर्गीय, विवाहित तरुणी पोहण्याच्या पोशाखात उभी राहिली आणि मोकळेपणाने गाऊ लागली. मूळच्या रतन पेडणेकर असलेल्या मीनाक्षींची नायिका म्हणून ही सुरुवातच होती.

प्रतिसाद दुभंगलेला होता. सनातनी वळणाच्या लोकांनी नाके मुरडली, टीका झाली. आणि त्याच वेळी थिएटरात गर्दी लोटली. या दोन गोष्टी वेगवेगळ्या गटांनी केल्या असे समजणे सोयीचे असले तरी तसे झाले नसावे. सगळी टीका एकाच जातीचीही नव्हे. पोशाखाला आक्षेप घेणे वेगळे आणि ब्रह्मचर्यासारख्या आदर्शाची थट्टा झाली म्हणून दुखावणे वेगळे. पहिला आक्षेप काळाबरोबर विरला. दुसरा अधिक खोल होता आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. व्रत घेणारा माणूस चित्रपटाने खोटा ठरवलेला नाही. औदुंबरची कळकळ खरी आहे. चुकते ती घाई, आणि दुसऱ्याच्या शब्दांवर स्वतःचे आयुष्य बेतण्याची सवय. ज्यांना यात केवळ टवाळी दिसली त्यांनी नायकाबद्दल चित्रपटाला वाटणारी माया पाहिली नाही, असे या नोंदकर्त्याला वाटते.

आणखी एक गोष्ट प्रतिसादाशी जोडलेली आहे. हंस पिक्चर्सची स्थापना १९३६ मध्ये बाबुराव पेंढारकर, विनायक आणि पांडुरंग नाईक यांनी केली. पहिला चित्रपट ‘छाया’, तो वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा आणि करुण. ‘ब्रह्मचारी’च्याच वर्षी विनायकांनी खांडेकरांचा ‘ज्वाला’ही दिग्दर्शित केला, तोही गंभीर. म्हणजे एकाच संस्थेकडून, एकाच दिग्दर्शकाकडून प्रेक्षकाला एकदा डोळे पुसायचे होते आणि एकदा पोट धरून हसायचे होते. पुण्यात ‘प्रभात’ने ‘कुंकू’सारख्या (१९३७) सामाजिक चित्रपटाने जी उंची गाठली होती, तिच्या शेजारी विनोदी चित्रपटाला हलके मानले जाणे ओघानेच आले. ती सवय अजून गेलेली नाही.

सहकलाकारांत दामुअण्णा मालवणकरांचा उल्लेख वेगळा करायला हवा. दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीत मुरलेला हा नट. डोळ्यातला तिरळेपणा त्यांनी लपवला नाही, त्याचे हत्यार केले. ज्याला दरडावायचे त्याच्याकडे नजर आहे की भलतीकडेच, हे कळेनासे झाले की त्यांच्या आचार्य चंडीरामांचा सारा दरारा तिथेच सांडतो. याच दामुअण्णांनी आणि विष्णुपंत जोगांनी पुढे ‘लग्न पहावे करून’मध्ये (१९४०) चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आणले.

चित्रपट विस्मरणात का गेला? मघाशी म्हटलेली किंमत ती हीच. ज्या व्याख्यानांची थट्टा आहे ती व्याख्याने संपली, ती भाषा कानांवरून गेली, आणि जटाशंकर कोणासारखे बोलतात हे ओळखणारा प्रेक्षक उरला नाही. विनायक १९४७ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी गेले. अत्र्यांच्या नावापुढे ‘श्यामची आई’ (१९५३), राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, दैनिक ‘मराठा’ आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा इतके काही जमा झाले की पटकथाकार अत्रे त्या गर्दीत दिसेनासे झाले. भर म्हणून १९६८ मध्ये शम्मी कपूर यांचा याच नावाचा, कथेने अगदी वेगळा हिंदी चित्रपट गाजला, आणि ‘ब्रह्मचारी’ म्हटले की लोक तोच समजू लागले.

आजच्या प्रेक्षकाला यातले काही जड जाईल. संवाद रंगमंचाच्या सवयीने लिहिलेले आहेत, वाक्य टाकून हशाला जागा सोडणारे. भरल्या थिएटरात ती जागा भरून निघत असे, घरी एकट्याने पाहताना ती रिकामी राहते. म्हणून हा चित्रपट पाहायचा तर चारजण जमवून पाहावा.

आणि गाणे एकदा चित्राशिवाय ऐकावे. ते मीनाक्षींनी स्वतः गायले आहे, त्यांचा गळा शास्त्रीय संगीतात तयार झालेला होता. पोशाख दिसत नसतो, वाद आठवत नसतो, आणि ‘का लाजता’वर हसू मात्र येतेच.