राउंड-ट्रिप चाचणी आणि ज्ञात-उत्तर चाचणी: पासवर्डवर आधारित एन्क्रिप्शन तपासताना

राउंड-ट्रिप चाचणीत एखादा मजकूर पासवर्ड देऊन एन्क्रिप्ट करतात (गुप्त रूपात बदलतात), त्याच लायब्ररीकडून (तयार कोडच्या संचाकडून) तो पुन्हा डिक्रिप्ट करून घेतात आणि मूळ मजकूर जसाच्या तसा मिळतो का ते पाहतात. ज्ञात-उत्तर चाचणीत पासवर्ड, सॉल्ट (पासवर्डसोबत मिसळायचे बाइट) आणि आवर्तनांची संख्या (की काढताना तीच क्रिया किती वेळा करायची) आधीच ठरलेली असते. त्यांतून निघालेली की (एन्क्रिप्शनची किल्ली) बाहेर प्रसिद्ध झालेल्या उत्तराशी प्रत्येक बाइट जुळवून पाहायची असते. दोन्ही यशस्वी झाल्या की दोन्हींनी एकच गोष्ट सिद्ध केली असे वाटते, आणि क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीत हा समज घातक ठरतो.

चूक दोन्ही दिशांना सारखीच असेल, तर ती राउंड-ट्रिप चाचणीला दिसत नाही. आवर्तने एकने कमी झाली किंवा हॅश फंक्शन (मजकुरापासून ठरावीक लांबीचा ठसा काढणारे सूत्र) भलतेच वापरले गेले, तरी एन्क्रिप्ट करताना आणि डिक्रिप्ट करताना तीच चुकीची की तयार होते आणि मजकूर व्यवस्थित परत येतो. हेतुपुरस्सर केलेला बदलही असाच निसटतो. ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफी लायब्ररीच्या २०१६ मधील १.१.० आवृत्तीत फाइल एन्क्रिप्ट करणाऱ्या आज्ञेचे गृहीत (वेगळे न सांगितल्यास वापरले जाणारे) हॅश फंक्शन एमडी५ ऐवजी एसएचए-२५६ झाले. बदल योग्यच होता, पण कोणते फंक्शन वापरले याची नोंद त्या फाइलींत नसते. त्यामुळे गृहीत फंक्शनवर विसंबून बनवलेल्या जुन्या फाइली नव्या आवृत्तीत ‘-एमडी’ हा पर्याय स्पष्टपणे दिल्याशिवाय उघडेनात. राउंड-ट्रिप चाचणी मात्र दोन्ही आवृत्त्यांत तितकीच यशस्वी झाली असती.

पीबीकेडीएफ२ (पासवर्डपासून की काढण्याची पद्धत) साठी २०११ च्या आरएफसी ६०७० या तांत्रिक दस्तऐवजात दिलेली उत्तरे नेमकी ही उणीव भरून काढतात, आणि त्यांची निवड विचारपूर्वक केलेली आहे. या उदाहरणांत वापरलेले एचमॅक-एसएचए-१ (हॅशवर आधारित, की घेऊन चालणारे फंक्शन) एका वेळी २० बाइटांचा एक ब्लॉक देते. एका उदाहरणात २५ बाइटांची की मागितली आहे, म्हणजे दुसरा ब्लॉक काढावाच लागतो आणि ब्लॉकचा क्रमांक वाढवायचा राहून गेला असेल तर तो दोष इथेच उघडा पडतो. दुसऱ्या एका उदाहरणात पासवर्डच्या आणि सॉल्टच्या मधोमध शून्य बाइट आहे. शून्य दिसताच शब्द संपला असे मानणारा सी भाषेतील कोड तिथे अडखळतो. १,६७,७७,२१६ आवर्तनांचे उदाहरण इतके संथ आहे की ते दररोजच्या चाचण्यांतून वेगळे काढलेले बरे, पण वगळू नये.

ही सगळी उदाहरणे इंग्रजी अक्षरांची आहेत, ही मला त्यांची मोठी मर्यादा वाटते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाच संकेतांकाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) एकाचे ३ बाइट होतात आणि दुसऱ्याचे ६. लायब्ररी किंवा तिचा वापर करणारा प्रोग्रॅम यांनी हे आधी एकरूप केले नाही, तर की वेगळी निघते. अशा शब्दांची उदाहरणे आपण स्वतः घालावीत आणि अपेक्षित उत्तर दुसऱ्या, स्वतंत्रपणे लिहिलेल्या लायब्ररीकडून मिळवावे.

उलट, ज्ञात-उत्तर चाचणीत सॉल्ट आपणच पुरवतो, म्हणून प्रत्यक्ष वापरात तो दर वेळी नव्याने तयार होतो की नाही हे तिला कळत नाही. त्यासाठी तोच मजकूर त्याच पासवर्डने दोनदा एन्क्रिप्ट करून दोन्ही निकाल वेगळे आहेत ना, हे पाहावे लागते. चुकीचा पासवर्ड दिल्यावर काय होते, हेही राउंड-ट्रिपच्याच बाजूला तपासायचे असते. सीबीसी या एन्क्रिप्शनच्या पद्धतीत चुकीच्या कीने डिक्रिप्ट केलेल्या मजकुराचे पॅडिंग (शेवटचा ब्लॉक पूर्ण करायला घातलेले बाइट) सुमारे २५६ मध्ये एकदा योगायोगाने वैध ठरते; त्यामुळे ‘चूक कळवलीच पाहिजे’ अशी चाचणी यादृच्छिक सॉल्टवर चालवली, तर ती अधूनमधून विनाकारण नापास होते. तिथे ‘चूक कळावी किंवा मूळ मजकूर मिळू नये’ एवढीच अट ठेवावी. मजकुरात फेरफार झाला का हेही तपासणाऱ्या जीसीएमसारख्या पद्धतीत मात्र चूक कळवण्याचाच आग्रह धरावा.

देखभालीत सर्वांत नाजूक वेळ गृहीत मूल्ये बदलण्याची. पीबीईएस२ (पासवर्डवर आधारित एन्क्रिप्शनचे एक मानक) च्या नोंदीत एचमॅकचा प्रकार लिहिलेला नसेल, तर तो एसएचए-१ समजायचा असा नियम आहे. नव्या फाइलींसाठी कोणी एसएचए-२५६ निवडले आणि वाचणाऱ्या कोडमधील गृहीत मूल्यही त्याच ओघात बदलले, तर जुन्या फाइली उघडणार नाहीत. म्हणून मागील प्रत्येक आवृत्तीने बनवलेली एकेक फाइल चाचण्यांसोबत जपून ठेवावी. अशी चाचणी नापास झाली, की नव्या कोडने अपेक्षित उत्तर पुन्हा तयार करून जुन्याच्या जागी ठेवण्याचा मोह होतो. तसे केले, की ती ज्ञात-उत्तर चाचणी उरत नाही. नाव तेच राहते आणि आत राउंड-ट्रिप चाचणी होऊन बसते.