पार्श्वभूमी: बाईट करेक्टर सोपा झाला, पण कोणासाठी?

बाईट करेक्टर म्हणजे दातांच्या तारेवर बसवून वरचा-खालचा चावा जुळवणारं साधन. तो लागतो तिथे तोंडाची ठेवण अशी: वरचे दात पुढे, खालचा जबडा मागे. याला क्लास टू म्हणतात ते 1899 मध्ये अमेरिकेत झालेल्या वर्गीकरणामुळे. पण खालचा जबडा पुढे आणून चावा जुळवायचा खटाटोप त्याआधीचा आहे, आणि 'बाईट जंपिंग' हा शब्दही तेव्हाचाच. वरच्या-खालच्या दातांना जोडणारे रबर 1890 च्या दशकात आले. ते आधी कोणी वापरले यावरून तिकडे बरीच भांडणं झाली; ती इथे सोडून देऊ. नळीत सरकणाऱ्या दांडीचं पक्कं बसवलेलं साधन, म्हणजे आपला हर्बस्ट, 1909 मध्ये बर्लिनच्या परिषदेत दाखवलं गेलं. पुढे ते जवळपास विसरलं गेलं आणि 1979 मध्ये स्वीडनमधून परत आलं.

मुंबईच्या दवाखान्यांपुरतं बोलायचं तर गोष्ट ट्विन ब्लॉकपासून सुरू करावी. 1977, स्कॉटलंड. पडून समोरचा दात निखळलेल्या एका मुलाचा दात परत बसवला, पण खालचा ओठ त्यामागे अडकून तो हलवत राहायचा. त्यातून दोन सुट्या प्लेटची युक्ती निघाली: तिरप्या कडा एकमेकींवर टेकल्या की खालचा जबडा पुढे येऊनच मिटतो. काम अ‍ॅक्रिलिकचं, म्हणजे कुठल्याही बऱ्या लॅबमधून होणारं. अडचण एकच: काढता येते. जेवतानाही घालायची असते असं दहा वेळा सांगा, मधल्या सुट्टीत ती टिश्यूत गुंडाळली जाते आणि टिश्यूबरोबर कचऱ्यात जाते. रबरांचंही तेच. पाकिटावर कोणता प्राणी आहे ते पोरांना पाठ असतं, रबर मात्र कंपासपेटीत.

मग पेशंटच्या मर्जीवर न चालणारी, दातांवर बसवलेल्या ब्रेसेसच्या तारेलाच अडकवायची साधनं आली. 1980 च्या दशकाच्या शेवटी जॅस्पर जंपर आला. लवचीक, पण तुटायचा. 2000 नंतर फोर्सस: स्प्रिंग, दांडी, डावी-उजवी वेगळी, दांडीच्या लांब्याही वेगवेगळ्या. त्यानंतरच्या दशकात पॉवरस्कोप, एकाच मापाचा, दोन्ही तारांवर छोट्या स्क्रूने बसणारा. 2017 मध्ये तर अलाइनरलाच, म्हणजे तारेऐवजी घालायच्या पारदर्शक साच्यालाच, जबडा पुढे ठेवणारे पंख फुटले.

या सगळ्यांना सरसकट 'फिक्स्ड फंक्शनल' म्हणतात, आणि गोंधळ इथेच आहे. 'फंक्शनल' हा शब्द मूळचा तोंडात सैल बसणाऱ्या प्लेटांचा. प्लेट स्वतः ढकलत नाही, स्नायूंनी काम करायचं, अशी ती कल्पना. हर्बस्ट कडक आहे. तो जबडा पुढेच धरून ठेवतो, म्हणून त्याला तो शब्द ओढूनताणून चालतो. पण स्प्रिंग तर सरळ दातांना ढकलते. वरच्या दाढा मागे जातात, खालचे पुढचे दात बाहेर झुकतात, आणि चावा जुळतो तो बराचसा त्यामुळे. तरी आईवडिलांना सांगताना 'जबडा वाढेल' हे वाक्य सहज निघून जातं. 1990 च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून झालेल्या चाचण्या वेगळंच सांगतात. लवकर सुरू केलेल्या प्लेटने सुरुवातीला फरक दिसतो. नंतर तारा लावून उपचार पुरे झाले की लवकर सुरू केलेला आणि उशिरा सुरू केलेला, दोन्ही गट जवळपास सारखेच. लवकर उपचाराचा टिकणारा फायदा दिसला तो पुढच्या दातांना इजा कमी होण्याचा. स्प्रिंगची चाचणी ती नव्हती हे खरं, पण म्हणून स्प्रिंगच्या खात्यात जबड्याची वाढ जमा करता येत नाही. माझ्या मते 'बाईट करेक्टर' हाच प्रामाणिक शब्द. त्यात फक्त चाव्याचं आश्वासन आहे.

दवाखान्याचा फायदा मात्र खरा आहे, आणि तो मुंबईच्या कामाच्या पद्धतीत दडलाय. इथे दादरच्या किंवा डोंबिवलीच्या एका-दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबडा सरळ करणारा तज्ज्ञ, रोज नसतो. तो लोकलने, बॅग घेऊन, ठरलेल्या वारी येतो. हर्बस्टसाठी माप घ्या, लॅबला पाठवा, पुढच्या वारी बसवा. मधे तुटला तर पुन्हा तेच चक्र. स्प्रिंगचं साधन बॅगेतून निघतं आणि त्याच भेटीत बसतं. एकाच मापाचं असेल तर वेगवेगळ्या लांब्यांचा साठाही नको. जांभई देताना दांडी निसटली, तर दवाखान्याचे नेहमीचे बीडीएस डॉक्टर तज्ज्ञाला फोनवर विचारून ती परत बसवतात किंवा सोडवून ठेवतात. रविवारचा फोन वाचतो.

पण 'सोपं' म्हणजे घाईने नव्हे. आधी दात सरळ रेषेत यायला हवेत, खाली जाड चौकोनी स्टीलची तार पोचायला हवी आणि तिची टोकं मागे वाकवून घट्ट करायला हवीत. ही पायरी गाळली की पुढचे दात जरुरीपेक्षा जास्त झुकतात. दांडी खालच्या सुळ्याच्या ब्रॅकेटवर, म्हणजे दातावर चिकटवलेल्या तार धरणाऱ्या तुकड्यावर, टेकते, तो ब्रॅकेट वरचेवर सुटतो, आणि वाचलेला चेअर टाइम, म्हणजे खुर्चीवरचा वेळ, तो परत चिकटवण्यात जातो. एकमापी साधनाची किंमतही ट्विन ब्लॉकच्या लॅब बिलापेक्षा चढी असते. ती पॅकेजमध्ये आधीच धरली नाही, तर मधेच 'स्प्रिंगचे वेगळे' असं सांगायची वेळ येते, आणि दहावीच्या फीचा हप्ता त्याच महिन्यात असतो.