सुसंगतता, जुन्या सॉफ्टवेअरची

जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर मूळ आज्ञा न बदलता नव्या सिस्टिमवर चालण्याचा गुण, तसेच त्यासाठी योजले जाणारे उपाय. आज्ञाच नव्याने लिहिल्यास त्याला रूपांतर म्हणतात व ते या नोंदीच्या कक्षेबाहेरचे आहे. मुंबईपुरता विचार केला तर मात्र रूपांतराचा उल्लेख टाळता येत नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ च्या सुमारास एक रुग्णालय माहिती प्रणाली बरोज कंपनीच्या मध्यम संगणकांवरील कोबोल या संगणकभाषेतून त्याच कंपनीच्या लहान संगणकांवरील कोबोलमध्ये आणली. हे काम मुंबईत, आयसीएल १९०३ या तिसऱ्याच यंत्रावर झाले.

कल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मालेतील काही संगणकांवर आधीच्या १४०१ चे प्रोग्रॅम सूक्ष्मआज्ञांच्या (यंत्राच्या आतच साठवलेल्या मूलभूत आज्ञांच्या) साहाय्याने चालत. सामान्यतः आरंभ येथूनच धरतात. ‘एम्युलेटर’ (एका यंत्राची दुसऱ्यावर नक्कल करणारी सोय) हा शब्दही आयबीएममध्ये याच कामाच्या ओघात, बहुधा १९६३ मध्ये, योजला गेला. दुसऱ्या मतानुसार हा मान आयबीएम ७०९ कडे जातो. १९५७-५८ च्या सुमारास आलेल्या या यंत्राला वेगळी जोड देऊन ७०४ चे प्रोग्रॅम चालवता येत. बहुतेक आज्ञा यंत्रभागातच आणि आदान-प्रदानासारख्या किचकट आज्ञा सॉफ्टवेअरने पार पाडल्या जात. शब्द नंतरचा असला, तरी वस्तू आधीची दिसते. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

विंडोज एक्सपीमध्ये (२००१) ‘कंपॅटिबिलिटी मोड’ आला. त्यात जुनी विंडोज नव्याने उभी राहत नाही. आवृत्ती कोणती, असे प्रोग्रॅमने विचारल्यास त्याला अपेक्षित असलेले उत्तर दिले जाते, आणि प्रोग्रॅमने सिस्टिमला घातलेल्या काही ठरावीक हाका वळवल्या जातात. ६४-बिट विंडोजवर (बिटांचा आकडा म्हणजे प्रोसेसर एका वेळी हाताळतो त्या माहितीची लांबी) ३२-बिट प्रोग्रॅम वेगळ्या स्तरातून चालतात, १६-बिट मात्र चालत नाहीत. १९९० च्या दशकातील पुष्कळ प्रोग्रॅम स्वतः ३२-बिट, पण त्यांचे सेटअप १६-बिट असे. असा प्रोग्रॅम चालण्याजोगा असूनही पुष्कळदा इन्स्टॉलच होत नाही. विंडोज ११ केवळ ६४-बिट आहे.

फोर्ट, गिरगाव भागांतील डीटीपी (संगणकावर पाने जुळवणे) व छपाईच्या व्यवसायात ही अडचण पाने मांडणाऱ्या पेजमेकरच्या रूपाने परिचित आहे. ऑल्डस कंपनीचा हा प्रोग्रॅम (१९८५) १९९४ मध्ये अडोबीकडे गेला. २००१ ची ७.० ही त्याची अखेरची मुख्य आवृत्ती. पेजमेकर ॲडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीने नव्या विंडोजवरही पुष्कळदा चालतो. अडते ते त्याच्या सोबत्यांमुळे. मराठी फाँटच्या पॅकेजसोबत अनेकदा डाँगल (अनधिकृत वापर रोखण्यासाठी संगणकाला जोडायचे लहान उपकरण) येई. समांतर पोर्टात बसणाऱ्या डाँगलला नव्या संगणकात जागाच नसते. यूएसबी डाँगल बसला, तरी त्याचा ३२-बिट ड्रायव्हर (उपकरण सिस्टिमशी जोडणारा प्रोग्रॅम) ६४-बिट विंडोज स्वीकारत नाही, कारण ड्रायव्हर सिस्टिमच्या गाभ्यात चालतो आणि तेथे वरील वेगळा स्तर नसतो. डाँगल यूएसबी असल्यास व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) जुनी विंडोज बसवून तो तिच्याकडे सोपवता येतो.

फाँट बदलून भागेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पेजमेकरला युनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी प्रमाण पद्धती) कळत नाही. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या फाँट-पॅकेजांच्या जुन्या फाँटांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. मजकूर युनिकोडमध्ये नेताना क्रमही उलटावा लागतो. ‘कि’मधील ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटात दिसते तशी ‘क’च्या आधी, तर युनिकोडमध्ये नंतर साठवतात, ‘सूर्य’मधील रफाराचे नेमके उलट. ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ्’ हे खास मराठी चिन्ह असल्याने हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले परिवर्तक तेथे हमखास अडखळतात. त्यामुळे लग्नपत्रिका, स्मरणिका यांच्या जुन्या फाइलींसाठी एक एक्सपी संगणक इंटरनेटपासून तोडून राखणे हाच व्यवहारी मार्ग ठरतो. एक्सपीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. अशा यंत्रांच्या सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडचा, म्हणजे अधिकृत नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाचा, बाजार प्रसिद्ध आहे; टपालाचा पत्ता सोडल्यास अधिकृत नाव क्वचितच कोणी घेतो.

मॅक संगणकांवर पॉवरपीसी या आधीच्या प्रोसेसरचे प्रोग्रॅम इंटेल यंत्रांवर चालवणारी रोझेटा २०११ मध्ये, तर ३२-बिट प्रोग्रॅमचा आधार २०१९ मध्ये काढून घेण्यात आला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या ‘वाइन’चे काम १९९३ मध्ये सुरू झाले.