शस्त्रसुरक्षा समुपदेशन (बालरुग्णांच्या पालकांसाठी)

घरातील बंदूक मुलांच्या हाती लागून इजा होऊ नये यासाठी रुग्णालयातील डॉक्टर किंवा परिचारिकांनी पालकांना केलेले मार्गदर्शन. लसीकरण, नियमित तपासणी किंवा अपघातानंतरचे उपचार या प्रसंगी ते केले जाते. अमेरिकेत २०२० पासून १ ते १९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण बंदुकीची इजा हे असल्याने तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना या समुपदेशनाचा आग्रह धरते. फ्लोरिडा राज्याने २०११ मध्ये डॉक्टरांना ‘घरात बंदूक आहे का?’ हा प्रश्न विचारण्यापासून रोखणारा कायदा केला होता. त्यातील मुख्य तरतुदी न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवल्या.

शस्त्र रिकामे व कुलूपबंद ठेवावे, काडतुसे वेगळ्या जागी आणि तीही कुलपात असावीत, हा मार्गदर्शनाचा गाभा असून यांपैकी प्रत्येक सवयीमुळे धोका कमी असल्याचे २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. नुसत्या सांगण्यापेक्षा सोबत कुलूपही दिल्यास परिणाम अधिक दिसतो. मुलाला केवळ ‘हात लावू नकोस’ असे बजावण्यावर विसंबणे मात्र घातक होय, कारण अशी शिकवण मिळालेली मुलेही समोर आलेले शस्त्र हाताळतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांत या विषयाचे स्वरूप वेगळे आहे. अपशिंगे (मिलिटरी) गावासारखी सैनिकी परंपरा, सेवानिवृत्तीनंतर सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी बाळगलेली बारा बोअरची बंदूक आणि पाटण, शिराळा भागांत रानडुकरे व गव्यांपासून पीक राखण्याची गरज यांमुळे काही घरांत परवान्याचे शस्त्र असते. शस्त्र नियम, २०१६ मध्ये सुरक्षित साठवणुकीचे बंधन आहे. परंतु कमी शक्तीच्या एअरगनला परवानाच लागत नसल्याने ती खेळण्यासारखी कोपऱ्यात उभी राहते. तिचा छर्रा डोळ्यात घुसल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून येथील समुपदेशनाची सुरुवात एअरगनपासूनच व्हायला हवी.

गोळीच्या जखमेची नोंद पोलिसांकडे जात असल्याने अपघातानंतर कुटुंब मोकळेपणाने बोलत नाही. त्यामुळे हा प्रश्न आधीच, मूल धडधाकट असताना, विचारणे श्रेयस्कर. आणि तोही ‘बंदूक का ठेवता?’ असा नव्हे, तर ‘कुठे व कशी ठेवता, किल्ली कोणाकडे असते?’ असा असावा. किशोरवयीन मुलाच्या मनात आत्महत्येचे विचार असल्यास शस्त्र काही काळ घराबाहेरच ठेवण्याचा सल्ला दिला जातो. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची सवय असलेल्या परवानाधारकांना तो पटवून देणे त्या मानाने सोपे जाते.