बचाव पक्षाचे वकील

फौजदारी खटल्यात आरोपीच्या वतीने न्यायालयात उभे राहणारे, फिर्यादी पक्षाच्या पुराव्याची छाननी करणारे आणि आरोपीला कायद्याने दिलेले संरक्षण मिळते आहे की नाही हे पाहणारे विधिज्ञ. आरोपी निर्दोष असल्याची हमी देणे हे त्यांचे काम नव्हे. गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. ती पार पडली किंवा नाही, हे बचावाच्या वकिलाला दाखवून द्यायचे असते.

प्राचीन भारतात वकिलीचा व्यवसाय होता काय, याबद्दल मतभेद आहेत. नारद, बृहस्पती व कात्यायन यांच्या स्मृतींत पक्षकाराऐवजी बोलणाऱ्या प्रतिनिधीचा उल्लेख येतो. शुक्रनीती या राजनीतीवरील ग्रंथात तर अशा नियोग्याला (नेमलेल्या प्रतिनिधीला) द्यावयाच्या मेहनतान्याचे दर सांगितले असून, वादाची रक्कम वाढेल तसे त्यांचे प्रमाण उतरत जाते. यावरून काही अभ्यासक त्या काळी धंदेवाईक वकील असल्याचे अनुमान काढतात. तथापि शुक्रनीतीचा काळच अनिश्चित आहे. कोणी तो मध्ययुगीन मानतात, तर कोणी तिचा सध्याचा पाठ थेट एकोणिसाव्या शतकातला ठरवतात. अशा ग्रंथाच्या आधारे प्राचीन काळाविषयी ठाम विधान करणे धाडसाचे होईल. स्मृतींतील प्रतिनिधी हा बहुधा आप्त, सेवक किंवा प्रसंगापुरता नेमलेला जाणकार असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. फौजदारीच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळीच आहे. हत्या, चोरी, परस्त्रीगमन अशा गंभीर आरोपांत प्रतिनिधी देता येत नाही, ज्याने कृत्य केले त्यानेच उत्तर द्यावे, असा कात्यायनाचा दंडक होता. म्हणजे जिथे प्राणावर बेतलेले असे, नेमका तिथेच माणूस एकटा उभा राही.

रोममध्ये आरोपीसाठी वक्ता उभा राहण्याची प्रथा रुळलेली होती; इ. स. पू. ८० मध्ये पितृहत्येच्या आरोपातून रोस्कियसचा बचाव करून सिसेरोने नाव मिळवले. परंतु आजच्या बचावाच्या वकिलाचा वंश रोमपेक्षा इंग्लंडकडे अधिक स्पष्टपणे जातो.

इंग्लंडमध्येही बराच काळ कात्यायनाच्या दंडकासारखाच नियम होता. किरकोळ गुन्ह्यात आरोपीला वकील देता येई, पण फाशीची शिक्षा असलेल्या ‘फेलनी’त नाही. न्यायाधीशच आरोपीचा वकील असतो, असे त्याचे समर्थन केले जाई. १६९६ च्या कायद्याने राजद्रोहाच्या खटल्यांपुरती वकिलाची मुभा दिली. इतर गंभीर खटल्यांत वकील साधारणपणे १७३० च्या दशकात दिसू लागतात, तेही कोणत्याही कायद्याने नव्हे, तर न्यायाधीशांच्या मर्जीने. असे का घडले, यावर इतिहासकारांत एकमत नाही. एका मतानुसार राजद्रोहाच्या खटल्यांचा पायंडा हळूहळू खाली झिरपला. दुसऱ्या मतानुसार खरे कारण फिर्यादी बाजूच्या पुराव्यात होते. दरोडेखोर पकडून दिल्यास ४० पौंडांचे बक्षीस मिळत असल्यामुळे खोटे आरोप रचणारे निर्माण झाले होते. शिवाय माफीचे साक्षीदार स्वतःची मान सोडवण्यासाठी दुसऱ्याची अडकवत. अशा साक्षीची पारख निरक्षर, भेदरलेल्या कैद्याकडून होणे शक्य नव्हते. माफीच्या साक्षीदाराला पुष्टी असावी, हा विचार न्यायालयांत त्याच सुमारास बळावला, हे लक्षात घेता दुसऱ्या मताकडे झुकते माप द्यावे लागते. मात्र लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे छापील वृत्तांत, ज्यांवर हा सारा अभ्यास उभा आहे, विक्रीसाठी काढलेले होते आणि त्यांत वकिलांचे बोलणे पुष्कळदा गाळलेले असे. तेव्हा १७३० हे दशक अंदाजानेच घ्यावयाचे.

या वकिलांना साक्षीदारांची उलटतपासणी घेता येई व कायद्याचे मुद्दे मांडता येत, पण ज्यूरीसमोर भाषण करता येत नसे. त्यामुळे जे सांगायचे ते प्रश्नातूनच सुचवण्याची कला त्यांनी कमावली. आजच्या उलटतपासणीचे वळण त्या बंधनातून घडले, असे म्हणण्यास जागा आहे. १७८० च्या दशकात विल्यम गॅरो हा त्यातील सर्वांत गाजलेला वकील. ज्यूरीला उद्देशून बोलण्याचा अधिकार १८३६ च्या कायद्याने मिळाला. आरोपीला शपथेवर स्वतःची साक्ष देण्याची सर्वसाधारण मुभा तर १८९८ पर्यंत नव्हती.

भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० ने आरोपीचा वकील देण्याचा हक्क मान्य केला. संविधानाच्या अनुच्छेद २२ (१) ने अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला व त्याच्याकरवी बचाव हे मूलभूत हक्क म्हणून दिले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलमे ३०३ (पसंतीच्या वकिलाकरवी बचावाचा हक्क) व ३०४ (सरकारी खर्चाने वकील) ही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३४० व ३४१ झाली आहेत. वकील घेण्याची सक्ती नाही. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांनी मुंबई उच्च न्यायालयात स्वतःच आपली बाजू मांडली होती. त्या खटल्याचे न्यायाधीश दिनशा दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते.

जामीन, आरोपमुक्तीचा अर्ज आणि अंतिम युक्तिवाद यांत वकिलाचे काम असतेच. पण सत्र खटल्याचा निकाल पुष्कळदा उलटतपासणीतल्या एका तांत्रिक बाबीवर फिरतो. पोलिसांनी तपासात घेतलेला जबाब हा पुरावा नसतो. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते आणि सरकार पक्षाला तो आपल्या साक्षीदाराच्या पुष्टीसाठी वापरता येत नाही. बचाव पक्षाला मात्र विसंगती दाखवण्यापुरता तो वापरता येतो. समजा, साक्षीदार सरतपासणीत, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या पक्षाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना, म्हणाला, ‘आरोपीच्या हातात कोयता होता,’ आणि जबाबात कोयत्याचा उल्लेखच नाही. वकील त्याला विचारतो, ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का?’ तो ‘हो’ म्हणतो. ‘मग जबाबात ते का लिहिले नाही?’ यावर नेहमीचे उत्तर येते, ‘कारण सांगता येणार नाही.’ इथे काम संपत नाही. पुढे तपासी अंमलदार साक्षीला आल्यावर, साक्षीदाराने असे सांगितले नव्हते, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यावे लागते. तो प्रश्न राहून गेला तर ती त्रुटी शाबीत झाली असे धरले जात नाही, आणि कोयता पुराव्यात कायम राहतो. प्रत्येक वगळणूक म्हणजे विसंगती नव्हे. ती महत्त्वाच्या तपशिलाची असावी लागते. तहसीलदारसिंग खटल्यातील १९५९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय या विषयात आधारभूत असून, १९७३ च्या संहितेने तसे स्पष्टीकरणही कलम १६२ ला जोडले.

अशिलाने गुन्हा कबूल केल्यास वकिलाने काय करावे, हा प्रश्न जुना आहे. १८४० मध्ये लंडनमध्ये लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाचा खटला चालू असतानाच आरोपी कूर्व्हॉज्ये याने चार्ल्स फिलिप्स या आपल्या वकिलाजवळ कबुली दिली. फिलिप्स यांनी न्यायाधीशाचा सल्ला घेतला व आरोपीच्या इच्छेनुसार खटला चालवला. पुढे त्यांच्यावर कठोर टीका झाली, विशेषतः त्यांनी मोलकरणीकडे संशय वळवला या समजामुळे. आज सर्वसाधारणपणे मान्य असलेली भूमिका अशी: वकिलाने पुराव्यातील उणिवा दाखवाव्यात, पण खोटा पुरावा पुढे आणू नये आणि जे खोटे असल्याचे ठाऊक आहे ते खरे म्हणून मांडू नये. भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम सांगतात की, आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचे वैयक्तिक मत काहीही असले तरी त्याने बचाव करावा. एखाद्या आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे वकील संघटनांनी केलेले ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अवैध ठरवले. असे ठराव आरोपीला पुन्हा कात्यायनाच्या दंडकाकडे नेतात, म्हणून हा निर्णय मोलाचा आहे.

गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क हुसैनआरा खातून (१९७९) व खत्री (१९८१) या निर्णयांनी संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) भाग म्हणून मानला गेला. आरोपीने मागितला नाही म्हणून तो नाकारता येत नाही, हे १९८६ मध्ये सुक दास खटल्यात ठरले. नेमलेल्या वकिलाची तयारी किती असावी, याकडे लक्ष उशिरा गेले. मध्य प्रदेशातील खांडव्याच्या एका खटल्यात वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि दोन आठवड्यांच्या आत फाशीची शिक्षा झाली. डिसेंबर २०१९ मध्ये ती रद्द करून सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला. फाशी वा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यांत किमान दहा वर्षांचा अनुभव असलेलाच वकील नेमावा आणि त्याला तयारीसाठी सर्वसाधारणपणे किमान सात दिवस द्यावेत, असे निर्देशही त्याच निकालात दिले.