बहुपुटी अंडाशय लक्षणसमूह

बहुपुटी अंडाशय लक्षणसमूह हा प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये आढळणारा, संप्रेरकांशी आणि चयापचयाशी निगडित असलेला दीर्घकालीन विकार आहे. बोलण्यात तो 'पीसीओएस' किंवा 'पीसीओडी' या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. पाळी लांबणे किंवा महिनोन्‌महिने न येणे, हनुवटी, ओठांवरची जागा, छाती व पोट येथे राठ केस उगवणे, मुरमे, डोक्यावरचे केस विरळ होणे आणि गर्भधारणेला उशीर लागणे ही त्याची मुख्य लक्षणे होत. मात्र ही सर्व लक्षणे एकाच स्त्रीत एकत्र दिसतातच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात प्रजननक्षम वयाच्या ६ ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते.

नाव आणि इतिहास

या विकाराच्या नावातील 'पुटी' (इंग्रजीत 'सिस्ट') हा शब्द दिशाभूल करणारा आहे. सोनोग्राफीच्या अहवालात तो वाचून अंडाशयात गाठी झाल्या, त्या काढाव्या लागतील, कदाचित पुढे त्यांचा कर्करोग होईल, अशी भीती घरात पसरते. प्रत्यक्षात त्या गाठी नसतात, तर वाढता वाढता मध्येच थांबलेली बीजाची पुटके असतात. त्यांचा आकार साधारण २ ते ९ मिलिमीटर असतो, ती दुखत नाहीत आणि ती काढावीही लागत नाहीत. अंडाशयाचे हे रूप विकाराचे कारण नसून परिणाम आहे. नाव अंडाशयावरून पडल्यामुळे मधुमेह, रक्तदाब आणि मनःस्वास्थ्य यांच्याशी असलेला त्याचा संबंध बराच काळ दुर्लक्षित राहिला, असे म्हणावे लागते.

इटालियन वैद्य व निसर्गाभ्यासक अंतोनिओ वालिस्नेरी यांनी १७२१ मध्ये मूल न झालेल्या एका शेतकरी तरुणीची मोठी, खडबडीत व पांढुरकी अंडाशये वर्णन केली होती. १९२१ मध्ये आशार आणि तिएर या फ्रेंच वैद्यांनी दाढी येणाऱ्या स्त्रियांमधील मधुमेहाची नोंद केली. आज मागे वळून पाहता ती नोंद या विकाराच्या गाभ्याच्या अधिक जवळची वाटते. तथापि वैद्यकात हा लक्षणसमूह रूढ झाला तो १९३५ मध्ये शिकागोच्या आयर्व्हिंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली तेव्हा, आणि पुढे अनेक वर्षे तो त्यांच्याच नावाने ओळखला गेला. अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढल्यावर त्या स्त्रियांची पाळी परत सुरू झाली होती. त्यामुळे दोष अंडाशयातच आहे हा समज दृढ झाला.

शरीरात काय घडते

एरवी दर महिन्याला अंडाशयातील काही पुटके वाढू लागतात, त्यांतील एक पुढे सरसावते, बाकीची विरतात आणि पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी ते फुटून बीज बाहेर पडते; यालाच अंडमोचन म्हणतात. या विकारात मेंदूतळाची पियूषिका ग्रंथी 'एलएच' हे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवते आणि त्याच्या तुलनेत पुटकांना पक्व करणारे 'एफएसएच' कमी पडते. एलएचच्या प्रभावाखाली अंडाशयात टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी समजली जाणारी संप्रेरके अधिक तयार होतात. ही संप्रेरके प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतातच. येथे फक्त त्यांचे प्रमाण वाढलेले असते. परिणामी एकही पुटक पूर्ण पिकत नाही आणि अर्धवट वाढलेली पुटके अंडाशयाच्या कडेने माळेसारखी साचून राहतात. अंडमोचन न झाल्याने प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली जाड होत राहते आणि दोन-तीन महिन्यांनी पाळी आलीच तर ती अनेकदा फार अंगावरून जाते.

या चक्राला दुसरीकडून इन्शुलिन हातभार लावते. बऱ्याच रुग्णांमध्ये स्नायू व यकृत इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिक स्रवते. अंडाशय मात्र या वाढीव इन्शुलिनला प्रतिसाद देत राहतो आणि आणखी टेस्टोस्टेरॉन बनवतो. त्याच वेळी रक्तातील टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारे एक प्रथिन यकृतात कमी तयार होऊ लागते, त्यामुळे मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण वाढते. मानेवर, काखेत किंवा जांघेत येणारा मखमली काळेपणा ही वाढलेल्या इन्शुलिनची बाहेरून दिसणारी खूण आहे. कित्येक घरांत तो मळ समजून मुलीची मान घासून काढली जाते आणि खूण तशीच दुर्लक्षित राहते.

वजन वाढले की हे सारे बळावते, परंतु सडपातळ स्त्रियांनाही हा विकार होतो. भारतीय संदर्भात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मांडलेली निरीक्षणे येथे उपयोगी पडतात. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी, विशेषतः पोटाभोवतीची, अधिक असते, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची मर्यादा देहभार निर्देशांक (बीएमआय) २५ ऐवजी २३ धरतात आणि स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटर किंवा अधिक भरल्यास ती धोक्याची सूचना मानतात.

या विकाराचे एकच एक कारण सांगता येत नाही. आई किंवा बहिणीला तो असल्यास शक्यता वाढते आणि अनेक जनुकांचा त्यात थोडाथोडा वाटा असतो. खाण्यातील चुका किंवा आळस यांमुळे तो जडतो असे मुलीला ऐकवले जाते, ते बरोबर नाही. राहणीमानामुळे त्याची तीव्रता कमीजास्त होते, एवढेच.

निदान

नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २००३ मध्ये ठरलेले निकष आज सर्वाधिक वापरले जातात. अंडमोचनातील अनियमितता, टेस्टोस्टेरॉनचे आधिक्य (लक्षणांवरून किंवा रक्ततपासणीतून दिसणारे) आणि सोनोग्राफीत दिसणारी बहुपुटी अंडाशये या तीन बाबींपैकी कोणत्याही दोन असल्या आणि तशीच लक्षणे देणारे इतर विकार नसले, तर निदान पक्के होते. याचा अर्थ असा की केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करता येत नाही, आणि पाळी अनियमित असून टेस्टोस्टेरॉनही वाढलेले असेल तर सोनोग्राफीची गरजच उरत नाही. २०२३ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीला पर्याय म्हणून रक्तातील 'एएमएच' या संप्रेरकाची तपासणीही मान्य केली. निदानाआधी गरोदरपण, थायरॉइडचे विकार, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीचे काही विकार नाहीत याची खात्री करावी लागते. केस थोड्याच महिन्यांत झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा होऊ लागला, तर संप्रेरके स्रवणाऱ्या अर्बुदाची (ट्यूमरची) शंका घेऊन तातडीने तपासणी करतात.

निकष बदलले की आकडे किती बदलतात याचे बोलके उदाहरण मुंबईतलेच आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी १५ ते २४ वयोगटातील मुलींची पाहणी केली, तेव्हा रॉटरडॅम निकषांनी प्रमाण सुमारे २२ टक्के, तर टेस्टोस्टेरॉनचे आधिक्य अनिवार्य मानणाऱ्या निकषांनी सुमारे ११ टक्के भरले.

किशोरवयात निदानाची घाई करू नये. पहिल्या पाळीनंतरची काही वर्षे पाळी मागेपुढे होणे आणि अंडाशयात भरपूर पुटके दिसणे हे स्वाभाविक असते; म्हणून पहिल्या पाळीपासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफी निदानासाठी ग्राह्य धरत नाहीत आणि पाळीची अनियमितता व टेस्टोस्टेरॉनचे आधिक्य या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय विकाराचा शिक्का मारत नाहीत. पाळी सुरू होऊन तीन वर्षे झाल्यावर मात्र दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून अधिक किंवा २१ दिवसांहून कमी अंतर राहणे, अथवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येणे, हे अनियमित समजले जाते.

पीसीओडी सौम्य आणि पीसीओएस गंभीर, अशी विभागणी भारतात दवाखान्यांपासून समाजमाध्यमांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. आंतरराष्ट्रीय निकषांमध्ये अशी दोन दुखणी नाहीत. केवळ बहुपुटी दिसणारी अंडाशये, पण पाळी नियमित आणि बाकी लक्षणे नाहीत, अशी स्थिती अनेक निरोगी स्त्रियांमध्ये आढळते. तिला विकार म्हणत नाहीत.

उपचार आणि व्यवस्थापन

हा विकार मुळापासून बरा करणारे औषध आजमितीस नाही, पण लक्षणे आणि पुढील धोके चांगले आटोक्यात ठेवता येतात. उपचार कोणता, हे त्या वेळी त्या स्त्रीला काय हवे आहे यावर ठरते. मुरमांनी गांजलेली कॉलेजमधली मुलगी आणि मूल हवे असलेली तिशीतली स्त्री यांचा विकार एकच असला तरी औषधे वेगळी असतात. 'लग्न झाले की सगळे सुरळीत होईल' या घरगुती सल्ल्याला मात्र वैद्यकीय आधार नाही.

आहार आणि व्यायाम हा सर्वांसाठी पाया असतो. वजन जास्त असल्यास त्यात ५ ते १० टक्के घट झाली तरी कित्येकींची पाळी सुधारते, आणि वजन न घटताही नियमित व्यायामाने इन्शुलिनचा प्रतिसाद सुधारू शकतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवला जातो. एखादा ठरावीक आहारच या विकारावर गुणकारी आहे असे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, ताक, अंडी किंवा मासे असे पानात नेहमी येणारे जेवणच प्रमाण सांभाळून पुरते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यांवर भर दिला, तर पोटात बहुतांशी पिष्टमय पदार्थच जातात, हे इन्शुलिनच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

मूल तूर्त नको असल्यास पाळी नियमित करण्यासाठी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेनच्या (प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकाच्या) संयुक्त गोळ्या देतात. त्यांनी गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण होते, टेस्टोस्टेरॉन घटते आणि मुरमे व केस यांवरही परिणाम होतो. ज्यांना पूर्वी रक्तात गुठळी झाली आहे, दृष्टीपुढे चमक येणारी अर्धशिशी आहे किंवा ज्या ३५ वर्षांनंतर धूम्रपान करतात, त्यांना या गोळ्या देत नाहीत. अशा स्त्रियांना ठरावीक अंतराने काही दिवस प्रोजेस्टोजेन देऊन पाळी आणली जाते. अस्तर महिनोन्‌महिने न गळता जाड होत राहिले तर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून किमान तीन महिन्यांतून एकदा तरी ते गळून जावे याकडे लक्ष देतात. तो धोका तुलनेने अधिक असला तरी एकूण प्रमाण कमीच आहे. सणावारी किंवा पूजेच्या वेळी पाळी पुढे ढकलण्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या गोळ्या म्हणजे या विकारावरचा उपचार नव्हे. आधीच अनियमित असलेल्या पाळीचा हिशेब त्यांमुळे आणखी बिघडतो.

मेटफॉर्मिन हे मुळात मधुमेहाचे औषध इन्शुलिनचा प्रतिसाद सुधारण्यासाठी दिले जाते. सुरुवातीला मळमळ व जुलाब होतात, म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात. ते दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी कुटुंबांत ते आधीच कमी असण्याची शक्यता असल्याने अधूनमधून तपासणे इष्ट असते. इनोसिटॉलच्या पुड्या सध्या सर्रास लिहून दिल्या जातात, मात्र त्यांच्या उपयोगाचा पुरावा मर्यादित आहे. केसांच्या वाढीवर संयुक्त गोळ्यांचा परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात, कारण आधी उगवलेला केस आपला कालावधी पूर्ण केल्याशिवाय गळत नाही. त्यानंतरही गरज पडल्यास टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे जोडतात. ती गर्भाला अपायकारक असल्याने सोबत गर्भनिरोधन आवश्यक असते. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगने केस वाढतात हा गैरसमज आहे.

मूल हवे असलेल्या स्त्रियांना, पतीची वीर्यतपासणी करून, अंडमोचनासाठी प्रथम लेट्रोझोल देतात. भारतात या औषधाचा प्रवास वळणावळणाचा झाला. २००५ मध्ये एका परिषदेत सादर झालेल्या निबंधामुळे त्याने जन्मजात व्यंगे होतात अशी शंका निर्माण झाली, पुढील अभ्यासांत ती टिकली नाही, तरीही २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर केंद्र सरकारने बंदी घातली. दरम्यान २०१४ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, क्लोमिफीन या जुन्या औषधापेक्षा लेट्रोझोल घेतलेल्या स्त्रियांमध्ये जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण जास्त आढळले. भारतातील बंदी २०१७ मध्ये उठली. गोळ्यांनी यश न आल्यास गोनॅडोट्रोपिनची (अंडाशयाला चालना देणाऱ्या संप्रेरकांची) इंजेक्शने, दुर्बिणीतून अंडाशयावर सूक्ष्म छिद्रे पाडण्याची शस्त्रक्रिया किंवा टेस्ट-ट्यूब बेबी हे पुढचे टप्पे असतात. स्टाइन व लेव्हेंथल यांची पाचर काढण्याची शस्त्रक्रिया पोटात चिकटाव निर्माण करत असल्याने मागे पडली. टेस्ट-ट्यूब उपचारात या स्त्रियांची अंडाशये औषधांना प्रमाणाबाहेर प्रतिसाद देऊन पोटात पाणी साचण्याचा धोका असतो, त्यामुळे औषधांची निवड जपून करतात. बहुतेक स्त्रियांना, काहींना उपचारांनंतर, मूल होते. याची दुसरी बाजू अशी की पाळी अनियमित आहे म्हणून दिवस राहणारच नाहीत असे धरून चालणे चुकीचे ठरते.

या विकारात नैराश्य व चिंता यांचे प्रमाण अधिक असल्याने निदानाच्या वेळीच त्यांची विचारपूस करावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. घोरणे व दिवसा झोप येणे यांकडेही लक्ष देतात, कारण झोपेत श्वास अडखळण्याचा विकार या स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. रक्तातील साखर वजन कितीही असले तरी निदानाच्या वेळी आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी तपासतात. त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेली चाचणी अधिक भरवशाची असते, कारण नुसती उपाशीपोटीची साखर अनेकदा ठीक येते. गरोदरपणात मधुमेह व रक्तदाब वाढण्याची शक्यता जास्त असल्याने ही चाचणी गर्भधारणेपूर्वी किंवा पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करतात. चाळिशीकडे झुकताना अनेकींची पाळी आपोआप नियमित होऊ लागते, पण इन्शुलिनचा दोष तसाच राहतो. म्हणून पाळी कायमची थांबल्यानंतरही साखर, रक्तदाब आणि रक्तातील मेद यांच्या तपासण्या चालू ठेवतात.